भरडा जाड की बारीक?

चक्कीवर हरभऱ्याच्या डाळीचा डबा ठेवला की आतून हाक येते, ‘बेसन की भरडा?’ नागपुरात हा प्रश्न कोणाला नवा नाही. पण त्याच्या पुढचं चक्कीवाला विचारत नाही, ते आपण होऊन सांगावं लागतं: भरडा कशासाठी हवा आहे? गोळाभाताला, म्हणजे भातावरच वाफवायच्या गोळ्यांना, भरडा लागतो, कढीत सोडायच्या गोळ्यांना तो चालत नाही, डाळ भिजवून वाटावी लागते, आणि पाटोडीच्या वड्यांनाही भरडा चालत नाही, त्यांना बेसनच लागतं. ‘जरा जाडसर द्या’ एवढं सांगून घरी आलं की त्या ‘जरा’चा हिशेब भाताच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, होतो.

इथल्या घरगुती पदार्थांची यादी काढली तर गोळाभात, पाटोडी रस्सा, सांबारवडी, कढीगोळे, चून (म्हणजे पिठलं) या सगळ्यांच्या मुळाशी एकच डाळ निघते. फरक असतो तो तिच्या अवस्थेचा. कोरडी दळून बारीक केली की बेसन, जाडसर दळली की भरडा, भिजवून वाटली की ओली भरड. मसाल्याचे आकडे विचारणारे खूप भेटतात, ‘तिखट किती, धणे किती’. तिखट-मीठ पानात बसल्यावरही सावरता येतं. डाळ चुकीची दळली गेली किंवा पाणी चुकलं तर मात्र काही करता येत नाही. म्हणून पदार्थ पहिल्यांदा करून पाहताना मसाल्यापेक्षा दळण आणि पाणी यांच्याकडे लक्ष द्यावं. आणि दुसऱ्या खेपेला यातली एकच गोष्ट बदलावी. दोन्ही एकदम बदलल्या की गोळे कशामुळे सुधारले ते कळत नाही.

भरड्याची परीक्षा डोळ्यांनी होत नाही, बोटांनी होते. चिमूटभर घेऊन अंगठ्याने तर्जनीवर चोळावा. इडली रव्याइतका कण लागला तर गोळाभाताला योग्य. लापशी रव्याएवढा लागला तर तो वाफेवर आतपर्यंत शिजणार नाही, दाताखाली कच्ची कणी येईल. आणि पिठासारखा गुळगुळीत लागला तर गोळा चिकट, दडदडीत होईल, घास घशाखाली उतरायला ताक लागेल. चांगल्या भरड्यात साधारण चौथा हिस्सा बारीक पीठ असतंच, आणि ते असायलाही हवं. कणी गोळा मोकळा ठेवते, वाफेला आत जायला वाट देते. पीठ त्या कण्यांना धरून ठेवतं. चाळून सगळं पीठ काढून टाकलं तर गोळा भातावर ठेवताच विस्कटतो.

चक्की दूर असेल तर मिक्सरमध्येही भरडा निघतो, पण थोडा दम धरून. डाळ कढईत मंद आचेवर ४–५ मिनिटं फक्त कोरडी, कोमट करून घ्यायची. रंग बदलू द्यायचा नाही. पूर्ण थंड झाल्यावर एका वेळी अर्धी वाटीच भांड्यात घ्यायची आणि तीन-चार सेकंदांचे झटके द्यायचे, मध्ये भांडं हलवायचं. सलग फिरवलं की खालची डाळ पीठ होते आणि वरची अख्खी राहते. वाटीभर डाळ एकदम घातली तरी हेच होतं. मग रव्याच्या चाळणीने चाळून वर राहिलेले मोठे तुकडे पुन्हा फिरवायचे. डाळ दमट असेल तर पात्याला चिकटते. पावसाळ्यात हा कोमट करण्याचा टप्पा टाळू नये.

विकतच्या सुट्या बेसनाबद्दल थोडं. पूर्व विदर्भात लाखोळी पिकते. तिची डाळ रंगाने हरभऱ्याच्या डाळीच्या जवळ जाते आणि स्वस्त पडते, त्यामुळे डाळीत आणि बेसनात तिची भेसळ होते. लाखोळी रोजच्या रोज भरपूर खाण्यात आली तर पायांना लुळेपणा आणणारा आजार होऊ शकतो. पिठात ती ओळखू येणं कठीण, पण डाळीत येते: हरभऱ्याची डाळ पाठीकडून गोलसर, लाखोळीची चौकोनी, पाचरीसारखी तिरपी कापल्यागत. इतवारीच्या बाजारातून डाळ आणून, ताटात पसरून एक नजर टाकून मग चक्कीवर देण्याची जुनी सवय उगाच पडलेली नाही.

आता गोळाभात. तीन-चार जणांसाठी दीड वाटी तांदूळ आणि एक वाटी भरडा, वाटी साधारण १५० मिलीची. भरड्यात एक चहाचा चमचा तिखट, अर्धा चमचा हळद, अर्धा चमचा जिरे, तळहातावर चोळलेला पाव चमचा ओवा, दोन चिमटी हिंग, पाऊण चमचा मीठ. तीन मोठे चमचे तेल कडकडीत तापवून यावर ओतायचं. हे मोहन गोळाभाताचा जीव आहे. तेल कण्यांभोवती बसतं, त्यामुळे पीठ त्यांना एकमेकींशी घट्ट चिकटवू शकत नाही आणि शिजल्यावर गोळा बोटाने दाबताच फुटतो. मोहन कमी पडलेला गोळा भाताबरोबर कालवला जात नाही, गोट्यांसारखा पानात फिरतो. काही जण मोहन वाचवून खायचा सोडा घालतात. सोड्याने गोळा फुगतो खरा, पण त्याला एक साबणासारखी चव येते आणि हळदीचा रंग लालसर होतो. तेलाची काटकसर करायची तर वरच्या फोडणीत करावी, मोहनात नाही.

तेल हाताने चोळून झालं की पाणी. आधी फक्त तिसरा हिस्सा वाटी, म्हणजे ५० मिली. भिजवून १५ मिनिटं झाकून ठेवायचं. नेमकी इथे घाई होते. कालवल्या कालवल्या मिश्रण सैल दिसतं म्हणून वर आणखी भरडा घातला जातो, किंवा कोरडं दिसतं म्हणून पाणी. भरडा पाणी सावकाश ओढतो. १५ मिनिटांनी तेच मिश्रण वेगळं दिसतं. तेव्हा मुठीत दाबून पाहावं. मूठ उघडल्यावर बोटांच्या खुणा तशाच राहिल्या आणि कडेला भेग नसली तर झालं. भेग पडली तर एकेक चमचा पाणी वाढवत जावं. होळीच्या सुमारास बाजारात येणाऱ्या नव्या डाळीचा भरडा पाणी कमी ओढतो, वर्षभर डब्यात राहिलेल्या डाळीचा जास्त. म्हणून पाण्याचा आकडा दर वेळी थोडा हलतो, मुठीची परीक्षा हलत नाही.

गोळा हे नाव फसवं आहे. लाडवासारखा गुळगुळीत वळला तर आतून कच्चा राहण्याची शक्यता जास्त. लिंबाएवढं मिश्रण घेऊन मुठीत दाबायचं आणि तसंच सोडायचं, म्हणजे लांबट मुटका होतो आणि त्यावर चार बोटांच्या खाचा उमटतात. त्या खाचांमुळे जाडी कमी होते, वाफ चारी बाजूंनी लागते. वाटीभर भरड्याचे साधारण आठ मुटके होतात.

तांदूळ धुऊन २० मिनिटं निथळत ठेवायचा. जाड बुडाच्या गंजात चमचाभर तेलावर दोन मिनिटं परतायचा, सव्वातीन वाट्या उकळतं पाणी आणि मीठ घालायचं. एरवी दीड वाटीला तीन वाट्या पुरतात. वरची पाव वाटी गोळ्यांसाठी, कारण तेही याच वाफेवर जगणार आहेत. आच मध्यम, झाकण नाही. पाणी तांदळाच्या बरोबरीने येतं, भाताला जागोजाग भोकं पडतात आणि त्यातून बुडबुडे फुटतात, तो क्षण पकडायचा. शीत दोन बोटांत दाबून पाहिलं तर मध्ये पांढरा टिपका दिसला पाहिजे. याआधी गोळे ठेवले तर ते पाण्यात बुडतात, बाहेरून विरघळतात आणि भात पिवळा चिखल होतो. उशीर झाला तर गोळ्यांना शिजायला वाफच उरत नाही. मुटके कडेने गोल मांडायचे, अर्धे भातात रुतलेले, दोघांमध्ये बोटभर जागा सोडून. घट्ट झाकण, गंजाखाली तवा, अगदी मंद आच, १५ ते १८ मिनिटं. मग आच बंद करून आणखी १० मिनिटं झाकण उघडायचं नाही. मधून मधून डोकावण्याचा मोह इथे महागात पडतो, प्रत्येक वेळी जमलेली वाफ निघून जाते.

शिजला की नाही हे पाहायला एक मुटका मोडावा. आतला आणि बाहेरचा रंग सारखा हवा. मध्ये फिकट, भुरभुरीत ठिपका दिसला तर तो कच्चा आहे. भातावर दोन चमचे गरम पाणी शिंपडून पुन्हा पाच मिनिटं वाफ द्यावी. कुकरमध्ये हा प्रकार करता येतो, शिट्टी काढून ठेवली तर. शिट्टी लावली की भाताची पेज उसळून गोळ्यांवर चढते.

तांदळाचं म्हणाल तर नागपूरकडे बऱ्याच घरांत एचएमटी असतो, आणि तो इथलाच आहे. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८३ च्या सुमारास शेतातल्या धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या बाजूला काढल्या, त्यांचं बी वेगळं पेरत राहिले आणि त्यातून हे वाण उभं राहिलं. नाव पडलं तेव्हाच्या लोकप्रिय एचएमटी घड्याळावरून. २०१८ मध्ये खोब्रागडे गेले. तांदूळ बारीक आहे, लवकर शिजतो, म्हणून गोळे ठेवण्याची वेळ एखाद मिनिट आधीच येते. भंडाऱ्याचा चिन्नोर सुवासिक असतो, पण लसणाच्या फोडणीखाली त्याचा वास टिकत नाही. तो साध्या वरणाबरोबर खावा. आणि कोणताही नवा तांदूळ असला तर पाणी पाव वाटीने कमी करावं, नाहीतर गोळे उचलताना शितंही चिकटून येतात.

वरची फोडणी वेगळ्या कढल्यात. पाव वाटी फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल, एक चमचा मोहरी, ठेचलेल्या आठ-दहा लसूण पाकळ्या, चार सुक्या लाल मिरच्या, हिंग. लसूण बदामी झाला की आच बंद. कढल्याची धग त्याला पुढे नेतेच, आणि काळा पडलेला लसूण कडू लागतो. ज्यांच्याकडे जवसाचं तेल येतं त्यांनी ते फोडणीच्या आचेवर तापवू नये, लवकर धुरावतं आणि कडवट होतं. कोमट करून वरून घालावं. पानात गरम भात, त्यात कुस्करलेला मुटका, वर तेल आणि बाजूला कढी किंवा चिंचेचं सार. गार गोळाभातात मजा नाही. शिजलेला भरडा थंड होताना आवळला जातो, आणि मगाशी बोटाने फुटणारा गोळा दाताला लागू लागतो.

कढी इथे पातळ, आंबट आणि लसणाची. चांगलं आंबट दही एक वाटी, पाणी तीन वाट्या, बेसन दीड मोठा चमचा. हे तिन्ही गार असतानाच घुसळायचं. बेसन नुसतं दाटपणासाठी नसतं. ताक तापलं की त्यातली प्रथिनं एकत्र येऊन गोळे धरतात आणि पाणी वेगळं होतं. बेसनाचं पीठ त्यांच्या मध्ये येऊन हे होऊ देत नाही. म्हणून पहिली उकळी येईपर्यंत डाव हलता ठेवायचा आणि मीठ त्यानंतर घालायचं. उकळी आल्यावर १० ते १२ मिनिटं मंद आच लागतेच, त्याशिवाय बेसनाचा कच्चा वास जात नाही. फोडणीला जिरे, मेथीचे चार दाणे, ठेचलेला लसूण-मिरची, कढीपत्ता. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की दही दुपारपर्यंतच टोकाचं आंबट होतं. तेव्हा कढीत साखर ओतून ती पुण्याला नेण्यापेक्षा वाटीभर पाणी आणि अर्धा चमचा बेसन वाढवावं.

याच कढीत गोळे सोडले की कढीगोळे, पण त्यांना कोरडा भरडा चालत नाही, ओली भरड हवी. डाळ थंडीत पाच-सहा तास भिजवायची, उन्हाळ्यात तीन तासांवर नको. फेस आला, आंबूस वास आला तर गोळे फुटणारच. भिजलेली डाळ चाळणीत १५ मिनिटं निथळायची आणि पाण्याचा थेंब न घालता जाडसर वाटायची. चार-सहा अख्ख्या डाळी राहिल्या तरी बिघडत नाही. लसूण, मिरची, हळद, मीठ, सांबार घालून सुपारीएवढे गोळे करायचे. सगळे एकदम कढीत टाकू नयेत. आधी एकच, तोही कढी खळखळत असताना. दोन मिनिटं टिकला तर बाकीचे सोडावेत. विरघळायला लागला तर उरलेल्या मिश्रणात मोठा चमचाभर बेसन मिसळावं. गोळे सोडल्यावर पाच मिनिटं डाव लावायचा नाही. ते आपोआप वर येतात, मग हलवावं.

बाहेरगावच्या वाचकांसाठी: वर ‘सांबार’ म्हटलं ते इडलीबरोबरचं नव्हे. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. नागपूरच्या भाजीबाजारात ‘सांबार कसा दिला’ विचारलं की जुडीचाच भाव मिळतो.

पाटोडीला मात्र बेसन. इथे कणीचा काही उपयोग नाही, गुळगुळीत, सुरीने कापता येईल असा थर हवा, आणि तो पूर्णपणे पाण्याच्या मापावर उभा असतो. एक वाटी बेसनाला दीड वाटी पाणी. सव्वा वाटी घेतलं तर थापतानाच कडांना भेगा पडतात. दोन वाट्या घेतलं तर चव छान, पण ते चून झालं. सुरीला चिकटतं आणि रश्शात वितळतं. बेसन आधी चाळून घ्यावं.

गुठळ्यांची तक्रार सगळ्यांची असते, आणि तिचं कारण साधं आहे. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ पडलं की प्रत्येक ढेकळाचं बाहेरचं आवरण क्षणात शिजून सील होतं, आतलं पीठ कोरडंच राहतं. नंतर कितीही घोटा, ते आवरण फुटत नाही. सराईत हात पिठाची धार धरून दुसऱ्या हाताने घोटत राहतात. पहिल्यांदा करणाऱ्याने अर्धी वाटी गार पाण्यात बेसन कालवून घ्यावं आणि एक वाटी पाणी कढईत उकळावं. दोन मोठे चमचे तेलात जिरे, हिंग, लसूण-आलं-मिरचीचा ठेचा एक चमचा, हळद, अर्धा चमचा तिखट परतायचं, त्यावर ती वाटी पाणी आणि मीठ. खळखळून उकळी आली की आच मंद करून कालवलेलं बेसन एकदम ओतायचं आणि सराट्याने (उलथण्याने) न थांबता घोटायचं. दीड-दोन मिनिटांत मिश्रण कढईची कड सोडतं. बहुतेक जण इथेच झालं असं समजतात आणि पाटोडीला कच्च्या बेसनाचा वास राहतो. घट्ट झाल्यावर झाकण ठेवून मंद आचेवर आणखी पाच-सहा मिनिटं वाफ हवी, मध्ये एकदा उलटसुलट करून. ओल्या बोटाला चिकटलं नाही की उतरवायचं.

तेल लावलेल्या ताटात गरम असतानाच थापायचं. थांबलं तर वर साय धरते आणि थर एकजीव होत नाही. वाटीच्या बुडाला तेल लावून दाबलं तर हात पोळत नाही. जाडी करंगळीएवढी. वर सुकं खोबरं, भाजलेली खसखस, सांबार पसरून वाटीनेच हलकं दाबायचं, म्हणजे वड्या उचलताना ते सांडत नाही. १० मिनिटांनी शंकरपाळ्याच्या आकारात कापायच्या. सुरीला तेल लावावं आणि दाबून कापावं, ओढू नये.

रस्सा हा सावजी वळणाचा. सावजी ही इथल्या हलबा कोष्टी या विणकर समाजाची खाणावळींतून गावभर झालेली चव, आणि मांसाहारी म्हणून तिचं नाव असलं तरी त्या खाणावळींत पाटोडी रस्साही मागून खातात. दोन मोठे कांदे सालासकट जाळावर काळे होईतो भाजायचे, मग सोलायचे. सुकं खोबरं पाव वाटी, धणे दोन मोठे चमचे, खसखस एक मोठा चमचा, जिरे एक चमचा, लवंगा चार, मिरे आठ, दालचिनीचा पेरभर तुकडा, मोठी वेलची एक, तेजपान एक, दगडफूल चिमटीभर. दगडफूल जास्त झालं तर रस्सा मातकट लागतो, तिथे हात आखडता. सगळं एकत्र टाकून भाजू नये. धणे रंग धरेपर्यंत खसखस जळून जाते, आणि जळक्या खसखशीचा कडवटपणा रश्शातून निघत नाही. धण्यांनंतर खडा मसाला, त्यानंतर खोबरं, आच बंद केल्यावर गरम कढईतच खसखस, या क्रमाने गेलं की काही चुकत नाही. कांद्याबरोबर हे सारं गंधासारखं बारीक वाटायचं. जाडसर वाटलं की खोबऱ्याचा चोथा तळाला बसतो आणि वर नुसतं लाल पाणी राहतं.

तर्री, म्हणजे रश्शावरचा लाल तेलाचा थर, येण्यासाठी तेल लागतं, हे मान्य करूनच कढई चढवावी. चार जणांच्या रश्शाला पाच मोठे चमचे. तेल तापलं की आलं-लसूण, मग वाटण, आणि कडेला तेल दिसेपर्यंत परतणं, मध्यम आचेवर १० ते १२ मिनिटं. तिखटाचा लाल रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो, म्हणून तिखट पाण्याच्या आधी पडलं पाहिजे. पण धगधगत्या तेलात पडलं तर काळवंडतं. आच बंद करून दोन मोठे चमचे तिखट आणि अर्धा चमचा हळद घालायची, अर्धा मिनिट हलवायचं, मग आच लावून चार वाट्या उकळतं पाणी. गार पाणी ओतलं की तेल वाटणात आखडून बसतं आणि तर्री वर यायला फार वेळ लागतो. भिवापूरची मिरची नागपूर जिल्ह्यातलीच, तिला भौगोलिक मानांकनही आहे. ती तिखट आहे, तेव्हा ती वापरत असाल तर दोन चमच्यांचा दीड करावा. रस्सा मंद आचेवर १५ मिनिटं उकळू द्यायचा आणि हवा त्यापेक्षा पातळच ठेवायचा, कारण पाटोडी रस पिते. वड्या रश्शात आधी टाकून ठेवू नयेत. वाढताना वाटीत वड्या, वर उकळता रस्सा, वर तर्रीचा एक डाव, कच्चा कांदा, लिंबू.

सांबारवडी हिवाळ्यातली. डिसेंबर-जानेवारीत जुड्या स्वस्त आणि कोवळ्या असतात, तेव्हाच ती करावी. उन्हाळ्यातल्या दांडोऱ्याची, म्हणजे जून दांड्यांच्या सांबाराची, करू नये. यातली निम्मी मेहनत सांबार वाळवण्याची आहे. मोठ्या दोन जुड्या धुऊन, झटकून, सुती कापडावर पंख्याखाली रात्रभर पसरायच्या. पानाला ओल राहिली तर सारणात मीठ पडताच पाणी सुटतं, आवरण आतून मऊ पडतं आणि वडी कढईत तोंड उघडते. मग तेल उडतं, ते वेगळंच. बारीक चिरलेल्या सांबारात भाजलेलं सुकं खोबरं अर्धी वाटी, खसखस दोन मोठे चमचे, चारोळी, तिखट, गरम मसाला. मीठ अगदी शेवटी, भरायच्या आधी. आवरणाला एक वाटी बेसन, अर्धी वाटी मैदा, दोन मोठे चमचे कडक मोहन, हळद, तिखट, मीठ, पीठ पुरीहून घट्ट. पोळी लाटून आतून चिंच, गूळ, तेल, मसाल्याचं बोट फिरवायचं, सारण मध्ये दाबून भरायचं आणि पाकिटासारखी घडी घालायची. कडांना पाण्याचं बोट. मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं, एका वेळी चारच. तेजीत तळली तर बाहेर तांबूस आणि आत कच्चं पीठ. हिच्याबरोबरही कढीच.

वडाभातालाही गोळाभाताचीच रीत, फक्त तिथे हरभऱ्याच्या जोडीला तूर, उडीद, मूग भिजवून जाडसर वाटतात आणि वडे तळून भातावर कुस्करतात. तळलेले असल्याने ते गोळ्यांपेक्षा सोपे. कच्चं राहण्याची भीती नाही.

गोळाभात उरला तर सकाळी तो नुसता गरम करू नये, गोळे आणखी घट्ट होतात. मुटके वेगळे काढून हाताने बारीक कुस्करायचे, त्यावर पाण्याचा हबका मारून १० मिनिटं झाकून ठेवायचे. कढईत तेल, मोहरी, उभा चिरलेला कांदा, हिरवी मिरची, आणि कांदा मऊ झाला की आधी गोळ्यांचा चुरा, तीन मिनिटांनी भात. झाकण ठेवून एक वाफ. भात मोकळा असेल तर शितं आणि कणी वेगवेगळी राहतात. वर कच्चा सांबार आणि बाजूला ताकाचा पेला.